पेटण्यापूर्वी गीझर काय तपासतो आणि काय तपासत नाही

थंडीचा कडाका वाढला की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एका ठरावीक स्वरूपाची बातमी दिसू लागते. अंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडले तेव्हा ती बेशुद्ध होती आणि रुग्णालयात नेल्यावर मृत घोषित करण्यात आले. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत बाथरूममध्ये गॅस गीझर असल्याचा उल्लेख येतो. जानेवारी 2020 मध्ये मुंबईच्या उपनगरात एक शाळकरी मुलगी अशीच दगावली. मार्च 2023 मध्ये होळीचा रंग धुण्यासाठी गेलेली दोन जोडपी, एक घाटकोपरमध्ये आणि दुसरे गाझियाबादजवळच्या मुरादनगरमध्ये, बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडली. दोन्ही ठिकाणी गॅस गीझरवर संशय व्यक्त झाला. काही दिवस चर्चा झाली आणि मग ती थांबली.

अशा वेळी दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक, 'गॅस गळत असणार'. दुसरी, 'स्वस्तातला गीझर असणार, चांगल्या कंपनीचा असता तर आपोआप बंद झाला असता'. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यामुळेच अपघात पुन्हा पुन्हा होतात. बहुतेक वेळा गॅस गळालेला नसतो आणि गीझरही बिघडलेला नसतो. तो त्याला नेमून दिलेले काम चोख करत असतो. मग माणूस का दगावतो? याचे उत्तर गीझर सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत काय घडते त्यात आहे.

नळ उघडल्यावर

गॅस गीझरमध्ये पाणी साठवलेले नसते. नळ उघडला की वाहते पाणी तांब्याच्या नळीतून जाते आणि खालच्या ज्वाळेवर जाता जाता तापते. म्हणजे नळ उघडताक्षणी आग लागली पाहिजे आणि बंद करताक्षणी विझली पाहिजे. ही कामे करणारी यंत्रणा साधी, पण हुशारीने बनवलेली असते.

पहिली पायरी पाण्याची. गीझरच्या तळाशी पाण्याच्या वाटेत एक रबरी पडदा असतो. पाणी पुरेशा जोराने वाहू लागले की दाबाच्या फरकाने हा पडदा सरकतो आणि एक छोटी कळ दाबली जाते. गच्चीवरची टाकी फार उंच नसेल तर वरच्या मजल्यावर गीझर पेटत नाही, त्याचे कारण हेच. पाण्याचा जोर कमी असताना आग लागली तर नळी करपेल, म्हणून यंत्र सुरूच होत नाही.

दुसरी पायरी ठिणगीची. कळ दाबली गेली की दोन मोठ्या सेलवर चालणारे नियंत्रक सर्किट जागे होते. ते 'टिक टिक टिक' अशा ठिणग्या पाडू लागते आणि त्याच वेळी गॅसची विद्युत झडप उघडते. बर्नरवर आलेला गॅस ठिणगीने पेटतो.

तिसरी पायरी ज्वाळेच्या खात्रीची. बर्नरजवळ धातूची एक बारीक कांडी असते. ज्वाळेतून अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहू शकतो. कांडीला तो प्रवाह जाणवला की सर्किट समजते, ज्वाळा पेटली. काही सेकंदांत तो जाणवला नाही तर झडप बंद होते, म्हणजे न जळलेला गॅस घरात साचत नाही. गीझर चालू असताना वाऱ्याने ज्वाळा विझली तरी हीच कांडी गॅस तोडते.

याखेरीज नळी जास्त तापली तर यंत्र बंद करणारा एक तापमापी असतो. काही गीझर सलग 20 मिनिटे चालल्यावर आपोआप बंद होतात.

म्हणजे पेटताना गीझर तीन गोष्टींची खात्री करतो. पाणी वाहते आहे का? ज्वाळा पेटली का? नळी फार तापली नाही ना? तिन्ही उत्तरे ठीक आली की तो चालत राहतो. यातला एकही प्रश्न खोलीतल्या हवेविषयी नाही. अंघोळ करणाऱ्याला श्वास घ्यायला प्राणवायू उरला आहे का आणि जळालेला वायू बाहेर जातो आहे का, याची चौकशी साध्या गीझरमध्ये होतच नाही. निळी, स्वच्छ ज्वाळा आणि विषारी वायू सोडणारी पिवळी ज्वाळा यांतला फरक त्या कांडीला कळत नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही ज्वाळाच.

चार बाय सहाच्या बाथरूमचा हिशेब

ढोबळ आकडेमोड करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचे तर गीझर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचा मोठा बर्नर जितका गॅस खातो, त्याच्या हे पाच-सहा पट झाले. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. आता चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच अशी आपल्याकडची नेहमीची बाथरूम घ्या. तिच्यात हवा मावते जेमतेम साडेपाच घनमीटर.

म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत गीझर दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपवतो, खोलीतल्या एकूण साठ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू वापरतो, तर हा गीझर चाळीस लिटरच्या आसपास. त्या छोट्या खोलीत आपल्याबरोबर दीडशेहून अधिक माणसे श्वास घेत असावीत, तसा हा प्रकार आहे.

सामान्य हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर वरच्या हिशेबाने चार-पाच मिनिटांत तो 18 टक्क्यांच्या खाली जाऊ शकतो. थंडीत आपण काय करतो? गार वारा येऊ नये म्हणून वरची झडपांची खिडकी पुठ्ठ्याने किंवा प्लास्टिकने बंद करतो आणि एक्झॉस्ट फॅन लावत नाही. पाणीही थंड असल्याने गीझर जास्त वेळ आणि जास्त आचेवर चालतो. थंडीतच या बातम्या का येतात, हे यावरून लक्षात येईल.

प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ज्वाळा पिवळी पडते, काजळी धरते. ही काजळी तांब्याच्या पात्यांमध्ये बसली की वायूची वाट आणखी अडते आणि पुढच्या वेळी कार्बन मोनॉक्साइड आणखी वाढतो. वर्षानुवर्षे काही न झालेल्या गीझरने एखाद्या दिवशी घात करण्यामागे हे एक कारण असते. 'दहा वर्षे वापरतोय, काही झाले नाही' हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गॅसगळती आपल्याला वासाने कळते, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस जळाला की वासाचे ते द्रव्यही जळून जाते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, ना चव. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. 'वास आला नाही, म्हणजे गॅसचा काही प्रश्न नव्हता' असे नातेवाईक सांगतात, तेव्हा ते वेगळ्याच धोक्याबद्दल बोलत असतात.

पाइपने येणारा गॅस सुरक्षित, हेही अर्धसत्य आहे. तो हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास वर जाऊन लवकर पसरतो, हा फायदा खरा. पण तेवढेच पाणी तापवायला त्यालाही जवळपास तेवढीच हवा लागते आणि हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइडही होतो. शिवाय दोन्ही गॅससाठी बर्नरची जेट वेगळी असतात. पाइप गॅससाठी बनवलेला गीझर जेट न बदलता सिलिंडरला जोडला तर गॅस प्रमाणाबाहेर येतो आणि ज्वाळा पिवळी पडून काजळी धरते.

शरीरात काय घडते

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेतले त्याचे थोडे प्रमाणही रक्तातली मोठी जागा बळकावते. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे 400 भाग असतील तर एक-दोन तासांत डोके दुखू लागते. 6,400 भागांच्या आसपास असतील तर 10 ते 15 मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो.

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे आणि मग पायांतली ताकद जाणे. माणसाला वाटते, उपाशीपोटी गरम पाण्याने अंघोळ केली म्हणून घेरी आली. धोका लक्षात येईपर्यंत कडी काढण्याइतकेही त्राण हातात नसते. आणि इथेच गीझरची ती चोख यंत्रणा उलटते. माणूस कोसळतो, पण नळ उघडाच राहतो. पाणी वाहते आहे, ज्वाळा आहे, नळी तापलेली नाही. यंत्राच्या लेखी सगळे ठीक असते आणि ते जळत राहते.

कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा डॉक्टरांनाही चकवा देते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर करोनाकाळापासून घरोघरी पोचले आहे. पण त्याला प्राणवायू घेतलेले आणि कार्बन मोनॉक्साइड घेतलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. रुग्णाचा मेंदू प्राणवायूवाचून तडफडत असताना यंत्र 98 दाखवू शकते. रक्तातल्या वायूंच्या तपासणीतही कार्बन मोनॉक्साइड वेगळा मोजण्याची सोय असलेले यंत्र लागते आणि ते प्रत्येक रुग्णालयात नसते. शिवाय साध्या हवेत आल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण चार-पाच तासांत निम्मे होते. शुद्ध प्राणवायू सुरू केला तर हाच काळ तासा-दीड तासावर येतो. उशिरा घेतलेला नमुना म्हणूनच साफ येऊ शकतो.

त्यामुळे निदान मुख्यतः विचारपूस करूनच होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी आपल्या देशातून अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली आहेत आणि त्याला 'गॅस गीझर सिंड्रोम' असे नावही रूढ झाले आहे. यातल्या काहींना बाथरूममध्ये फिट आली होती. अशा रुग्णाला अपस्मार समजून वर्षानुवर्षे गोळ्या सुरू होऊ शकतात, जेव्हा खरा उपचार गीझरची जागा बदलणे हा असतो. म्हणून तरुण, एरवी धडधाकट व्यक्ती बाथरूममध्ये कोसळली, फिट येऊन पडली किंवा घरातले दोघे एकाच वेळी आजारी झाले, तर पहिला प्रश्न हवा: 'पाणी कशावर तापवता?' आमच्यासारख्या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात हा प्रश्न केसपेपरवर छापलेलाच असावा, असे माझे मत आहे.

वाचलेल्या रुग्णाची कथा लगेच संपत नाही. काहींना बरे वाटू लागल्यावर दोन दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत कधीही विसराळूपणा, स्वभावातला बदल, हातापायांचा कंप किंवा चालण्यातला अडखळलेपणा दिसू लागतो. गर्भवतींना धोका अधिक, कारण गर्भाचे हिमोग्लोबिन हा वायू अधिक घट्ट धरून ठेवते आणि तो तिथून उशिरा बाहेर पडतो. आई सावरली तरी बाळाला इजा झालेली असू शकते.

न विचारलेला प्रश्न

हवेचा प्रश्न यंत्राला विचारता येत नाही, असे नाही. थंड देशांत घरे तापवणाऱ्या गॅसच्या भट्ट्यांमध्ये तो सर्वांत आधी विचारला जातो. अमेरिकेत मुलांकडे हिवाळ्यात राहून आलेल्यांनी तळघरातून येणारा तो आवाज ऐकला असेल. भट्टी सुरू होताना आधी फक्त पंखा फिरतो. तो आतला जुना वायू बाहेर ढकलतो. नळकांड्यातून वायू खरोखर वाहतो आहे, याची ग्वाही दाबावर चालणाऱ्या एका कळीने दिल्यावरच प्रज्वलक तापतो. त्यानंतर गॅसची झडप उघडते आणि शेवटी ज्वाळेची खात्री होते. बाहेर जाणारी वाट चिमणीच्या घरट्याने किंवा बर्फाने बुजली असेल तर पहिल्या पायरीवरच काम थांबते. म्हणजे तिथे क्रम 'आधी हवा, मग गॅस' असा आहे. आपल्या बाथरूममधल्या साध्या गीझरमध्ये हवेची पायरीच नाही.

ब्रिटनने 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांत बाथरूमपुरता सरळ दंडक घातला. हवा बाहेरून घेणारे आणि वायू बाहेरच सोडणारे, खोलीच्या हवेशी संबंध नसलेले बंदिस्त उपकरण असेल तरच ते बाथरूममध्ये बसवता येते.

मात्र यंत्रात प्रश्न बसवला म्हणजे काम संपले, असेही नाही. जपानचा अनुभव बोलका आहे. तिथे पालोमा कंपनीचे, पंख्याने वायू बाहेर ढकलणारे गीझर 1980 च्या दशकात विकले गेले. पंखा फिरत नसेल तर गॅस सुरू होऊ नये, अशी सोय त्यांत होती. पण नियंत्रक पेटीतल्या डाखाला तडे जाऊन गीझर पेटेनासे झाले, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांनी ठिकठिकाणी ही सुरक्षा-जोडणीच वळसा घालून टाळली. गीझर पेटू लागले, ग्राहक खूश झाले. पुढे कुठे पंखा बंद पडला, तरी आग चालूच राहिली. 1985 ते 2005 या काळात अशा 28 दुर्घटनांत 21 जणांचा बळी गेला. सुट्या सुट्या घडलेल्या या घटनांचा धागा जुळायला वीस वर्षे लागली. जुलै 2006 मध्ये सरकारने प्रकरण जाहीर केले. त्यानंतर गंभीर अपघात सरकारला कळवणे उत्पादकांवर कायद्याने बंधनकारक झाले. 2010 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने धोका माहीत असूनही उपाय न केल्याबद्दल कंपनीच्या माजी अध्यक्षांना दोषी ठरवले.

आपल्याकडे काय करता येईल

गॅस गीझरवर सरसकट बंदी घालावी, असे मी म्हणणार नाही. वीज वारंवार जाते, विजेचे बिल परवडत नाही, भाड्याच्या घरात मोठा खर्च करता येत नाही, अशा कुटुंबांनी हा पर्याय विचारपूर्वकच निवडलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोचे अशा छोट्या एलपीजी गीझरसाठी आयएस 15558 हे मानक आहे. पण मानक दुकानातल्या यंत्राला लागू होते, बाथरूमच्या भिंतीला नाही. खोक्यावर 'बाथरूमबाहेर बसवा' असे छापलेले असले तरी बसवणारा प्लंबर भिंतीत खिळे कुठे ठोकतो, हे पाहायला कोणी येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी देताना तपासणी होते. गीझरची होत नाही.

तीन गोष्टी अवघड नाहीत. एक, गीझर बसवणाऱ्यांची नोंदणी आणि बसवल्याचा दाखला. त्यावर बसवलेली जागा आणि वायू बाहेर जाण्याची वाट लिहिलेली असावी. दोन, गृहनिर्माण संस्था आणि वसतिगृहे यांनी हिवाळ्यापूर्वी आपल्या इमारतीतल्या गीझरांची पाहणी करावी. लिफ्टची तपासणी होते तशी हीही होऊ शकते. तीन, गॅस गीझरशी संबंधित मृत्यूंची वेगळी नोंद. 'अकस्मात मृत्यू' या एका शब्दाखाली सगळे दडले तर जपानसारखाच आपल्यालाही धागा जुळवता येणार नाही.

घरात आजच करण्याजोगे पुष्कळ आहे. गीझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टच्या बाजूला बसवा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणा. ते होईपर्यंत बादली आधी भरून घ्या, गीझर बंद करा, दार थोडा वेळ उघडे ठेवा आणि मगच अंघोळीला जा. सलग दोघा-तिघांच्या अंघोळी चालत्या गीझरखाली नकोत. वरची खिडकी बुजवू नका, पण एका एक्झॉस्ट फॅनवर भिस्तही ठेवू नका. आत येणाऱ्या हवेला दाराखाली वाट नसेल तर पंखा नुसताच फिरतो. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारा अलार्म मिळतो, तो जरूर लावा.

गीझर पेटताना लक्ष द्या. पेटायला उशीर होऊन 'भप्प' आवाज येत असेल, ज्वाळा निळीऐवजी पिवळी असेल, वर काजळी दिसत असेल किंवा गीझर मध्येच बंद पडत असेल, तर वापर थांबवून कंपनीच्या माणसाकडून सफाई करून घ्या. यंत्र पेटायला नकार देते, तेव्हा त्याला बहुधा काहीतरी खटकलेले असते. 'सेन्सर काढून डायरेक्ट करून देतो' म्हणणाऱ्या कारागिराला त्या क्षणी थांबवा.

आणि वेळ आलीच तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅसचा कॉक बंद करा आणि व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा. आत रेंगाळू नका. वाचवायला गेलेलेही कोसळतात. श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करा आणि 108 ला फोन लावा. रुग्णालयात पोचल्यावर 'बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता' हे वाक्य सर्वांत आधी सांगा. ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगला असला तरी सांगा. त्या माहितीवरच शुद्ध प्राणवायू वेळेत सुरू होणे अवलंबून असते.